सतरावा हात

आमच्या सोसायटीच्या गाण्याच्या गटाचे नियम क्लबहाउसच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलेले आहेत. बाहेरून चिकटवले असते तर ते वाचून कुणी आत आलंच नसतं, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. तो स्वतः गटात नाही. 'मी बाथरूममध्ये गातो, तिथे मतदार मी एकटाच,' असं तो भेटेल त्याला सांगतो.

नियम पहिला: सराव मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता. पाच म्हणजे पाच. नियम दुसरा: गटातला प्रत्येक निर्णय मतदानाने होईल. नियम तिसरा: मतदानाने झालेल्या निर्णयाबद्दल जिन्यात कुरकुर करू नये. पहिले दोन नियम आम्ही काटेकोर पाळतो. तिसरा पाळला असता तर आमच्या जिन्यात कुणी कुणाशी बोललंच नसतं.

हे नियम सरांचे. सर आमचे अध्यक्ष, सी विंगमध्ये राहतात. त्यांनी शाळेत जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला तो विषय. मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात आणि पेपर देऊन बाहेर पडताना विसरतात. सरांना बिचाऱ्यांना वर्षाच्या शेवटी उरलेसुरले तास मिळायचे, आणि तेही स्नेहसंमेलनाच्या तालमीत जायचे. ते सगळे तास सर आता आमच्याकडून वसूल करतात. कुठलं गाणं घ्यायचं, यावर मतदान. टाळ कुणी धरायचे, यावर मतदान. एकदा मधल्या सुट्टीत चहा की कॉफी यावर मतदान झालं, त्यात बरोबरी झाली आणि सरांनी अध्यक्षांचं जादा मत चहाला टाकलं. तेव्हापासून कॉफीवाल्या दोघी घरून थर्मास आणतात आणि सरांच्या अगदी समोर बसून पितात. विरोधी पक्ष असावा तर असा.

मी पेटी वाजवते. माझं माहेर शनिवार पेठेतलं, आणि पेटी शिकले ती शेजारच्या गल्लीतल्या मास्तरांकडे. सूर चुकला तर मास्तर कधी बोटावर मारायचे नाहीत. 'तुमच्या घरात कुणाला कान आहेत का?' एवढंच विचारायचे, आणि उत्तराची वाट बघायचे. पुढे बँकेत नोकरी लागली, लग्न झालं, कोथरूडला आले, पेटी माळ्यावर गेली. निवृत्त झाल्यावर मी नवी पेटी घेतली, स्केल चेंजर. या पेटीची एक खुबी आहे, आणि पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं म्हणून ती सांगते. तिच्या पट्ट्यांची अख्खी फळी डावीउजवीकडे सरकते. तुम्ही बोटं नेहमीच्याच पट्ट्यांवर ठेवायची, फळी एक घर सरकवायची, की सूर एक पायरी खाली उतरतो. बघणाऱ्याला वाटतं, बाई रोजचंच वाजवतायत.

आता पट्टीचं. गाणाऱ्याने आपला 'सा' पेटीच्या ज्या पट्टीवर धरायचा ती त्याची पट्टी. बायकांना साधारण काळी चार सोयीची पडते. पुरुषांची बरीच खाली असते, काळी एक नाहीतर काळी दोन. आमच्या गटात तेरा बायका आणि सहा पुरुष. सगळ्यांनी मिळून एकच गाणं म्हणायचं तर पट्टी कोणती धरायची, हा प्रश्न जगात सगळीकडे गुरुजी सोडवतात. आम्ही त्यावर मतदान घेतलं.

ही सूचना माझी होती. कारण सरळ होतं, मला काळी चार हवी होती. तिथे माझा आवाज लागतो. तिथून खाली आला की तो असा बसतो की फोनवर लोक मला 'हो साहेब' म्हणतात. बायका तेरा आहेत हे मला मोजता येत होतं, त्यामुळे लोकशाहीवर माझा त्या आठवड्यात फार विश्वास होता. तरीही मी कसर ठेवली नाही. भाजीच्या गाडीपाशी, लिफ्टमध्ये, टेकडीवर फिरायला जाताना, जी भेटेल तिला मी काळी चारचं महत्त्व पटवलं. दोघा पुरुषांनाही पटवलं. त्यांना पट्टी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, म्हणून ते लगेच तयार झाले.

गाणं सरांनीच लिहिलं होतं, सोसायटीच्या वर्धापनदिनासाठी, आमच्या मागच्या टेकडीवर. त्यात पहाट होती, दव होतं, आणि मॉर्निंग वॉकला यमक न सापडल्याने 'प्रभातफेरी' होती. चाल माझी. अंतऱ्यात माणसं टेकडी चढतात, म्हणून मी चालही चढवत चढवत थेट वरच्या 'सा'पर्यंत नेली होती, आणि तो 'सा' काळी चारचा धरला की माझा असा लागायचा की काय सांगू.

'काळी चारच्या बाजूने?' सरांनी विचारलं. हात वर झाले. मोजायचं काम माझ्याकडे होतं. सोळा हात झटकन मोजले. सतरावा जरा उशिरा वर आला, कोपरात वाकलेला, धड वर नाही आणि धड खाली नाही. मी तो मोजला. हात म्हणजे हात. विरोधात दोन. सरांनी टाळी वाजवून निकाल सांगितला आणि अल्पसंख्याकांच्या मताचा आदर करण्याविषयी पाच मिनिटं बोलले. नंतर आम्ही काळी चारमध्ये गायला सुरुवात केली.

चार महिने गायलो. सहांतले पाच पुरुष आपापली वाट शोधून बसले होते. दोघे खाली गुरगुरायचे, दोघे वरच्या जागा आल्या की खोकायचे, आणि सर सगळं एकाच सुरात म्हणायचे. सहावे होते खडकीवाले काका. त्यांचा जन्म वऱ्हाडातला. तरुणपणी नोकरीसाठी पुण्यात आले आणि खडकीला कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झाले. क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा मुलाने त्यांना आमच्या सोसायटीत आणलं. शांत माणूस. त्यांची सून आयटीत आहे. घरून काम असेल त्या दिवशी तीही गटात येते, म्हणजे खरं तर सासऱ्यांना घराबाहेर काढण्यासाठी येते. काकांना मतदानाने टाळ मिळाले होते, म्हणून ते माझ्या पेटीला लागून बसायचे.

हिवाळ्यात एकदा माझा घसा पार बसला. गाता येईना, तेव्हा नाइलाजाने मला दुसऱ्यांचं ऐकावं लागलं. गाणारी माणसं हे काम सहसा करत नाहीत. डावीकडून बायकांचा आवाज येत होता, मागून गुरगुर येत होती, आणि उजवीकडून, अगदी हातभर अंतरावरून, नुसते टाळ. मी मान वळवली. काकांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, ओठ एकेक अक्षर बरोबर म्हणत होते, डोळेसुद्धा अंतऱ्याबरोबर टेकडी चढत होते. आवाज नव्हता.

सराव संपल्यावर सगळे गेले तरी मी पेटी बंद करायला मुद्दाम वेळ लावला. काका टाळ पिशवीत घालत होते.

'काका, तुम्ही गात नाही.'

'गातो ना, ताई.'

'नुसते ओठ हलवता.'

त्यांनी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. 'कोनाले सांगू नका,' ते म्हणाले. 'मंग काय करू? तुमच्या त्या पट्टीत माया आवाज पोचतच नाही. खाली घेतला तं घरघर होते, वर घेतला तं चिरकते. तुमचं सगळ्याइचं चांगलं चालू हाय. त्याच्यात माया कालवा कायले?'

मग पिशवीची गाठ बांधता बांधता त्यांनी सांगितलं. खडकीला क्वार्टरमध्ये दर गुरुवारी भजन असायचं. पहिली ओळ तेच उचलायचे. त्यांनी उचलल्याशिवाय बाकीचे गातच नसत. एकदा त्यांना ड्यूटीवरून यायला उशीर झाला तर सगळे टाळ हातात धरून बसून राहिले होते. 'इथं दीड वर्स झालं, पन माया आवाज कोनी आयकलाच नाही. सुनेलेबी माहीत नाही मी गातो म्हून,' ते म्हणाले. 'हा वर्धापनदिन झाला का बंद करतो. खोटं खोटं तोंड हलवाची लाज वाटते हो, ताई.'

मला वाईट वाटलं. त्याहून जास्त राग आला. आणि स्वतःचा राग आला की तो समोरच्यावर काढायची माझी जुनी सवय आहे, बँकेतल्या लोकांना विचारा. 'मग मतदानाच्या वेळी बोलायचं होतं!' मी म्हटलं. काका नुसते हसले आणि गेले.

त्या रात्री मी नवऱ्याला विचारलं, काय करावं? कुणाला सांगायचं नाही अशी काकांनी गळ घातलेली, म्हणून नाव न घेता विचारलं. 'पुन्हा मतदान माग,' तो म्हणाला. आता मागायचं कोणत्या तोंडाने? ज्या बाईने भाजीच्या गाडीपाशी प्रचार केला, तिनेच उठून म्हणायचं की पट्टी खाली आणा. कारण विचारलं तर सांगायचं नाही. आणि तेरा बायका आपल्या हाताने आपला सूर खाली आणणार, ह्या भ्रमात मी नव्हते. मी त्या तेरांतली एक होते, मला आमची माहिती होती.

म्हणून मंगळवारी मी फळी एक घर सरकवली.

बोटं काळी चारवरच होती, सूर एक पायरी खाली आला होता. कुणाच्याही लक्षात आलं नाही. पुढच्या आठवड्यात आणखी एक घर, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरं. आम्ही आता पांढरी चारमध्ये गात होतो आणि गटाला त्याचा पत्ता नव्हता. उलट कौतुक सुरू झालं. एकीने सांगितलं की तिला आता वरचा 'सा' सहज लागतो, हा ज्येष्ठमधाचा गुण. दुसरीने श्रेय प्राणायामाला दिलं. खोकणारे दोघे खोकायचे थांबले. सर म्हणाले, 'सामूहिक निर्णयाला फळ यायला वेळ लागतो, पण येतं.' मी मान खाली घालून भाता मारत राहिले. माझा स्वतःचा आवाज मात्र बसायला लागला होता, आणि मी ते घशावर ढकललं.

दुसऱ्या आठवड्यात काकांच्या बाजूने गुणगुण आली. तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, अंतऱ्याला त्यांनी आवाज सोडला. फार मोठा नाही, पण भरीव, आणि सूर असा नेमका की मास्तरांनी यांच्या घरी कान आहेत का असं विचारलंच नसतं. आमच्या गाण्याला चार महिने बसायला पाट नव्हता, तो आता मिळाला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. इतकं चांगलं मला बँकेत बढती मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

हे सुख तीन आठवडे टिकलं. मग काकांची सून एका मंगळवारी फोन हातात धरून माझ्यापाशी आली.

'काकू, तुमच्या पेटीचं काहीतरी बिघडलंय का? मी प्रॅक्टिससाठी ट्यूनर ॲप टाकलंय. तुम्ही काळी चार वाजवताय, पण हे पांढरी चार दाखवतंय. मी तीनदा चेक केलं.'

ती हे हळू बोलली असती तर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. पण ही मुलं मीटिंगमध्ये बोलून बोलून मोठ्याने बोलायला शिकलेली असतात. सगळ्यांनी ऐकलं. सर उठून आले, चष्मा लावून त्यांनी पेटी पाहिली आणि फळीच्या कडेला उघडी पडलेली तीन बोटं जागा पाहिली.

'ताई, हे काय?'

'सरकवलीय,' मी म्हटलं.

'कुणी?'

'मी.'

'कारण?'

काका टाळांच्या दोरीची गाठ सोडत होते. मी म्हटलं, 'मला वाटलं म्हणून.' बँकेत माझ्या हाताखालच्या कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला उभं केलं नसतं.

त्यानंतरच्या दोन मिनिटांत सात बायकांचा घसा दुखायला लागला. सहा आठवडे ज्येष्ठमधाने उत्तम चाललेले घसे, पट्टी खाली आहे हे कळल्याबरोबर दुखू लागले. 'तरीच मला घरी गेल्यावर कसंसंच व्हायचं,' प्राणायामवाली म्हणाली. कॉफीवाल्या दोघींनी थर्मास बंद केला. फार गंभीर प्रसंग असल्याशिवाय त्या तो बंद करत नाहीत.

शुक्रवारी सभा बोलावली गेली. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते रागावले नव्हते, दुखावले होते, आणि ते जास्त वाईट. 'ताईंचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही,' ते म्हणाले. 'पण लोकशाहीला चांगल्या हेतूच्या माणसांचीच जास्त भीती असते. वाईट हेतूवाले निदान ओळखू तरी येतात. आपण एकोणीस जणांनी ठरवलेली गोष्ट एका माणसाने गुपचूप बदलली. ती बरी होती की वाईट, हा प्रश्नच नाही.' त्यांचं बरोबर होतं. मी खरंच लबाडी केली होती. आधी प्रचार करून एक, आणि मग फळी सरकवून दुसरी. आणि खरं कारण सांगावं तर काकांना तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. न सांगावं तर काळी चार परत येणार होती आणि काका जाणार होते. त्यांनी टाळांची पिशवी आज धुऊन आणली होती, परत करायला आणावी तशी.

'काळी चारवर परत जावं, याच्या बाजूने?' सरांनी विचारलं. मोजायचं काम आज माझ्याकडून काढून घेतलेलं होतं, त्यामुळे मला हातांऐवजी माणसं बघायला वेळ होता. बायकांचे हात वर गेले. खोकणाऱ्यांचे गेले. आणि मग माझ्या उजवीकडून, हातभर अंतरावरून, एक हात वर जायला लागला. उशिरा, कोपरात वाकलेला, धड वर नाही आणि धड खाली नाही.

तो हात मी ओळखला. पाच-साडेपाच महिन्यांपूर्वी मी तो मोजला होता. सतरावा.

'काका, हात खाली घ्या!' मी ओरडले.

'ताई!' सर म्हणाले. 'मतदाराला हात खाली घ्यायला सांगणं म्हणजे...' पुढचा शब्द त्यांना सापडेना. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ही शक्यता कुणी धरलेलीच नव्हती.

'मला काय म्हणायचं ते म्हणा. पण हा हात मोजू नका,' मी म्हटलं. 'गेल्या वेळी मी मोजला, ती माझी चूक झाली. काका, तुम्ही सांगता की नाही?'

काकांचा हात तसाच अर्धा वर राहिला होता. त्यांची सून उठून त्यांच्यासमोर येऊन बसली. 'बाबा, काय झालं?'

'काही नाही बाप्पा,' काका म्हणाले. 'मले त्या पट्टीत गाता येत नाही, येवढंच.'

'मग हात का वर केलात?'

'आता तेरा बायाइची सोय होते तिथं. माया एकट्यासाठी त्याइनं कायले तरास घ्यावा? सगळ्याइचे हात वर होते. आपलाच एक खाली बरा दिसत नाही.'

सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि परत लावायला विसरले. मग त्यांनी विचारलं, 'काका, तुमची पट्टी आहे तरी कोणती?'

'काळी दोन.'

'ताई, द्या सूर.'

मी काळी दोनचा 'सा' दिला. काका नको नको म्हणाले, टाळ चाचपले, घसा साफ केला. मग त्यांनी अंतरा म्हटला, एकट्याने, त्यांच्या जागेवरून. तीच सरांची 'प्रभातफेरी', तीच माझी चाल. मी ती केली तेव्हा मला माहीत नव्हतं की तिच्यात इतकं काही आहे. सुनेच्या हातात फोन होता आणि ॲप चालूच होतं. तिने एकदा त्यावरच्या काट्याकडे पाहिलं, तो मधोमध स्थिर उभा होता. मग तिने फोन जमिनीवर उपडा ठेवला आणि सासऱ्यांकडे बघत राहिली. मी तेव्हा रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. कॉफीवाल्या दोघीही रडल्या, पण आधी कोण रडली यावर त्या अजून भांडतात.

सर उभे राहिले. 'चूक ताईंची आहेच,' ते म्हणाले, 'पण आधी माझी आहे. मतदानाआधी माहिती घ्यायची असते. आपण एकमेकांचा आवाजच ऐकलेला नाही आणि हात वर करून मोकळे झालो. मुलांना हे मी दरवर्षी शिकवायचो.' मग त्यांनी जाहीर केलं की आधी प्रत्येकाने एकेक ओळ एकट्याने म्हणायची, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि मतदान त्यानंतर. आश्चर्य म्हणजे ह्यावर त्यांनी मतदान घेतलं नाही.

एकोणीस माणसांना दोन संध्याकाळी लागल्या. काळी चारसाठी भांडलेल्या तीन बायकांचा आवाज खरा खालीच मोकळा होतो, असं निघालं. कॉफीवाल्या दोघींच्या पट्ट्या वेगवेगळ्या निघाल्या, आणि हा त्यांच्यातला दुसरा मतभेद. गुरगुरणाऱ्यांपैकी एकाचा आवाज गोड निघाला आणि तो स्वतःच घाबरला. सरांची पट्टी काही सापडली नाही. मी पेटीवर वरपासून खालपर्यंत सगळं वाजवून पाहिलं, शोध चालू आहे. शेवटी माझी पाळी. पुढची सूचना पांढरी चारची होणार हे दिसत होतं, म्हणून मी तिथेच म्हणून पाहिलं. माझा आवाज बसला, खालच्या जागांवर नुसती घरघर झाली. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. मला तेव्हा कळलं की काका चार महिने कुठे बसले होते.

पुढच्या मंगळवारी पुन्हा मतदान झालं. सूचना पांढरी चारची होती. बायकांना जरा खाली, पुरुषांना जरा वर. कुणालाच पुरती सोयीची नाही आणि कुणालाच अशक्य नाही. 'बाजूने?' सरांनी विचारलं. मोजायचं काम मला परत मिळालं होतं. मी नीट, माणूस बघून हात मोजले. माझा धरून अठरा.

'विरोधात?'

एक हात वर गेला. या वेळी सरळ, कोपर न वाकवता, पार छताकडे. काकांचा.

'बाबा!' सून म्हणाली.

'काका, अहो, हे सगळं चाललंय कुणासाठी?' सर म्हणाले.

'मले माहीत हाय, सर. पन ताईचा आवाज तिथं बसते. मी आयकला ना परवा,' काका म्हणाले. 'त्याइनं मायासाठी येवढं केलं. एक तरी मत त्याइच्या बाजूनं पाह्यजे.'

मी पेटीचा भाता उगाच उघडला आणि मिटला. सर मात्र जागेवर ताठ उभे राहिले. जन्मभर हुकलेला तास त्यांना शेवटी पूर्ण मिळाला होता.

'अठरा विरुद्ध एक,' त्यांनी जाहीर केलं. 'काका, आपण पराभूत झाला आहात. बहुमताचा निर्णय आपल्यावर बंधनकारक आहे. पहिली ओळ तुम्ही उचलायची.'

मी सगळ्यांच्या देखत फळी तीन घरं सरकवली आणि सूर दिला. काकांनी टाळ खाली ठेवले, डोळे मिटले. आम्ही अठरा जण जिंकून गप्प बसलो होतो, आणि त्यांनी उचलल्याशिवाय कुणी गायलं नाही.